बंद गॅलऱ्यांचा फोटो

आप्पांनी आजवर कोणाचीही जन्मतारीख एका दिवसाने इकडची तिकडे केली नव्हती. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसून त्यांनी शाळेत लवकर घालायला पोरगं मोठं करू पाहणारे बाप पाहिले, निवृत्ती लांबावी म्हणून स्वतः लहान होऊ पाहणारे आजोबा पाहिले, आणि सगळ्यांना एकच उत्तर दिलं : "जन्मलात तेव्हा जन्मलात." खिडकीवरचा त्यांचा दुसरा नियम असा की विचारलं तेवढंच सांगावं, न विचारलेलं सांगू नये. म्हणजे रांग लवकर सरकते. दोन्ही नियम उत्तम आहेत. फक्त गळ्यात कॅमेरा अडकवून दुसऱ्याच्या इमारतीसमोर उभं राहायचं असेल, तर ते घरी ठेवून यावेत.

कॅमेरा सहलीसाठी घेतला होता. सहल म्हणजे आप्पा, त्यांची बायको, आप्पांचे शाळेच्या बाकापासूनचे मित्र मास्तर आणि मास्तरांची बायको अशा चौघांनी करायची लांबची सहल. मास्तर भूगोल शिकवतात. कुठली नदी कुठे उगम पावते हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. प्रत्यक्षात त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे इमारतीची गच्चीवरची टाकी. त्यांच्या घरी गॅलरी बंद करून केलेल्या खोलीत भिंतीवर एक मोठा नकाशा होता. त्यावर टाचण्या टोचलेल्या आणि टाचण्यांना लाल धागा गुंडाळलेला. दर भेटीत सहल एक टाचणी पुढे जायची. चार माणसं जागच्या जागी असायची आणि तरी संध्याकाळपर्यंत दमलेली दिसायची.

ती बंद गॅलरी मास्तरांच्या आईची खोली होती. आजींना उभं आयुष्य स्वतःची खोली नव्हती. गॅलरी बंद होण्याआधी त्या दारामागच्या बोळात, चपलांच्या मांडणीशेजारी झोपायच्या. आता त्यांना एक पलंग होता, एक खिडकी होती आणि पायथ्याशी अख्खं जग होतं. धागा लांबला की त्या विचारायच्या, "आणि मला कुठल्या टाचणीला टांगणार आहात?"

तर त्या शनिवारी आप्पा आणि काकू दोन दिवस राहायला मास्तरांकडे आले. (काकू म्हणजे आप्पांची बायको. त्यांना दुनिया काकू म्हणते, आपणही म्हणू.) चहा झाला. धागा एका दीपगृहापर्यंत पोचला. तिथून पुढे बोटीने जायचं की बसने, यावर काकू आणि मास्तरांच्या बायकोचं जुंपलं. बोट लागते म्हणून एकीला बस हवी होती आणि बस लागते म्हणून दुसरीला बोट. आप्पांना दोन्ही लागत असल्यामुळे ते कॅमेरा घेऊन हळूच खाली सटकले.

समोरच्या फुटपाथवरून त्यांनी वर पाहिलं आणि ते थबकले. ऊन तिरपं झालं होतं. इमारतीच्या यच्चयावत गॅलऱ्या लोकांनी बंद केल्या होत्या आणि एकीचा मेळ दुसरीशी नव्हता. एक काचेची, एक पत्र्याची, एक हिरव्या जाळीची, आणि एक तर कुठल्याशा बुडालेल्या कचेरीची पार्टिशनं आणून ठोकलेली. प्रत्येक चौकटीत एकेक माणूस. कोणी दाढी करतंय, कोणी कपडे वाळत घालतंय, एक मुलगी पुस्तकात नाक खुपसून बसलेली. आणि तिसऱ्या मजल्यावर आजी, खिडकीत कोपर टेकून, आप्पांकडे बघून चक्क हसत होत्या.

आप्पांनी फोटोग्राफीचं एक पुस्तक वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की आधी प्रमाण बघावं. आप्पांनी एक डोळा मिटला, हात ताठ पुढे धरला आणि अंगठ्याने मजले मापले. मग बोटाने गॅलऱ्या मोजल्या. दोन पावलं मागे गेले, पुन्हा अंगठा धरला, मान हलवली, पुन्हा मोजल्या. कलावंताला हे सगळं करावं लागतं. दुर्दैव एवढंच की वरून बघणाऱ्याला कलावंत आणि पाहणीला आलेला सरकारी माणूस यांत काडीचा फरक दिसत नाही.

पहिल्या मजल्यावर विमा एजंट राहायचे. ते दाढीचा फेस अर्ध्या गालावर तसाच ठेवून खाली आले.

"मोजमाप चाललंय वाटतं?"

"हो. प्रमाण बघतोय जरा."

"असं असं. आपण कुठे असता?"

"नगरपालिकेत."

इथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मी मास्तरांचा मित्र, चहाला आलोय. पण ते कोणी विचारलं नव्हतं.

"कुठल्या खात्यात?"

"जन्म-मृत्यू."

विमावाल्यांचं सगळं पोटपाणी मृत्यूवर चालायचं. तरी तो शब्द त्या क्षणी त्यांना सोसला नाही. गालावरचा फेस ओघळून सदऱ्यावर आला. "शनिवारी पण काम करता?" त्यांनी विचारलं.

"छे, हे काम नव्हे. ही आवड आहे."

पगारासाठी मोजणारा माणूस एक वेळ ऐकतो. आवड म्हणून मोजणाऱ्यापुढे कोणाचा निभाव लागणार? विमावाले उलट्या पावली जिन्यात शिरले. आप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी बटण दाबलं होतं आणि छोट्या पडद्यावर फोटो उमटला होता. ते सगळं त्यात आलं होतं, ऊन, पत्रे, माणसं, आजींचं हसू. दुसऱ्यांच्या जन्ममरणावर शिक्के मारण्यात जन्म गेला, आणि आता कुठे स्वतःच्या हातून एक गोष्ट झकास झाली, असं त्यांना वाटलं. ते खरंही होतं.

वर येऊन ते फोटो दाखवणार तोच बेल वाजली. दारात विमावाले, त्यांच्यामागे सोसायटीचे सेक्रेटरी आणि तळमजल्यावरच्या वकीलबाई. वकीलबाईंचं ऑफिसच बंद गॅलरीत होतं.

"मास्तर," सेक्रेटरी म्हणाले, "पाहुणे तुमचे, आम्हाला त्यांचा आदर आहे. पण गॅलरी तुमचीही बंद आहे, हे विसरू नका."

"अहो, तो जन्म-मृत्यू खात्यात आहे. दाखले देतो."

"तसंच सांगून येतात," वकीलबाई म्हणाल्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मास्तर समजावून थकले. आप्पांनी ओळखपत्र दाखवलं, त्यावर नगरपालिकेचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि खात्याचं इवल्याशा, त्यामुळे परिस्थिती आणखी चिघळली. मंडळी गेली असं वाटेपर्यंत एकेक जण परत येऊ लागला. प्रत्येकजण आप्पांना कोपऱ्यात घेई आणि कानाशी लागे. "माझी नुसती काच आहे साहेब. काच म्हणजे बांधकाम नव्हे. वरच्याचं बघा, त्याने भिंत पाडलीय." मग वरचा येई. "मी भिंत पाडली ती हवेसाठी. सेक्रेटरींनी तर गॅलरीत मोरी केलीय." जेवणं होईपर्यंत आप्पांना न मागता इमारतीची इत्थंभूत माहिती मिळाली होती. खऱ्या निरीक्षकाला वर्षभर खपूनही ती मिळाली नसती.

"हे सगळं मला का सांगतात?" आप्पांनी विचारलं.

"तुमचा चेहराच तसा आहे, भावजी," मास्तरांची बायको म्हणाली. "रागावलेला नसतानाही रागावलेला दिसतो." तिने संध्याकाळपासून इतके चहा केले होते की तिचा चेहरा आता खरोखरच रागावलेला होता.

रविवारी सकाळी इमारत हातोड्यांच्या आवाजाने जागी झाली. विमावाले स्वतःच्या हाताने काचा उतरवत होते. पत्रेवाल्याने पत्र्यावर निळा रंग फासायला घेतला होता, आभाळात मिसळून जावा म्हणून. सेक्रेटरींनी मोरी फोडायला घेतली आणि पहिल्याच घावात पाण्याची मुख्य नळी फोडली. जिन्यावरून पाणी पायऱ्या मोजत खाली आलं, आणि नळाला मात्र कोणाच्याच थेंब येईना. आता एरवी नळी फुटली तर माणूस स्वतःला किंवा प्लंबरला शिव्या देतो. त्या दिवशी सगळ्यांना आप्पा सोयीचे होते.

ओल्या जिन्यातच सभा भरली. आप्पा मधल्या वळणावर, वर अर्धे रहिवासी, खाली अर्धे.

"आमच्या देखत तो फोटो पुसून टाका," वकीलबाई म्हणाल्या. "विषय संपला."

आप्पांचे कान तापले. त्यांना साहेब म्हणा, निरीक्षक म्हणा, ते चालवून घेतील. पण गुन्हेगाराला म्हणतात तसं 'आमच्या देखत' म्हटलेलं त्यांना झोंबलं.

"मी काही गुन्हा केलेला नाही," ते म्हणाले. "पुसला तर केला असं होईल. नाही पुसणार."

मास्तर आप्पांना दंडाला धरून घरात घेऊन आले, आजींच्या खोलीत. आजी पलंगावर बसून बाहेरची गंमत ऐकत होत्या. घाबरलेली नव्हती अशी इमारतीत तेवढी एकच व्यक्ती होती.

"दाखव तरी," मास्तर म्हणाले. आप्पांनी कॅमेरा दिला. मास्तर ओरडायच्या तयारीने बघायला लागले, आणि ओरडायचं राहूनच गेलं. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी कॅमेरा परत दिला आणि आवाज खाली आणून विचारलं, "उद्या ऑफिसात हा कोणाला दाखवणार नाहीस ना?"

साधाच प्रश्न. पण शाळेपासून एका डब्यात जेवलेल्या मित्राने तो विचारला होता. आप्पांनी पिशवी उचलली, काकूंना हाक मारली आणि पायात चपला घातल्या. दीपगृहाच्या पुढची टाचणी मास्तरांच्या बायकोच्या हातातच राहिली.

ते रस्त्यावर आले तेव्हा आजींनी खिडकीतून हाक मारली. "बाळा, माझा फोटो पाठव रे. एवढी म्हातारी झाले, पण माझा हसताना एकही फोटो नाही."

"पाठवतो," आप्पा म्हणाले.

घरी पोचून कुलूप उघडताना काकू म्हणाल्या, "पुसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"फोटो चांगला आलाय."

"आलाय ना? मग आता दोन दिवस राहायला जायचं झालं की त्या फोटोकडे जा."

मंगळवारी मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. कॅमेऱ्यासह या, असा निरोप होता. साहेबांच्या टेबलावर तक्रारअर्ज होता. आपल्या कर्मचाऱ्याने अधिकार नसताना आमच्या इमारतीची पाहणी केली, छायाचित्रं घेतली आणि रहिवाशांच्या मनात धास्ती निर्माण केली. भाषा वकीलबाईंची, खाली सगळ्यांच्या सह्या, फ्लॅटच्या नंबरासकट. हात दाखवून अवलक्षण करणं यालाच म्हणतात. इतकी वर्षं नगरपालिकेत त्या इमारतीची कोणाला आठवण नव्हती. आता तिच्याच रहिवाशांनी पत्ता लिहून, सह्या करून, पोच घेऊन ती करून दिली होती.

सह्यांमध्ये एक सही टपोरी, फळ्यावर लिहिल्यासारखी होती. मास्तरांची. आप्पांनी ती पाहिली, आणि मग पुढचा बराच वेळ साहेब काय बोलत होते ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

"आप्पा, ऐकताय ना? हे खरं ठरलं तर निलंबन आहे. निवृत्ती तोंडावर आलीय तुमची."

"खोटं आहे साहेब. हौस म्हणून काढला फोटो."

"मग सोपं आहे. फोटो दाखवा. हौशी माणसाचा असला तर मला कळेलच. अर्ज आत्ता निकालात काढतो."

साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बांधकाम खात्याचे अभियंते बसले होते. ऑफिसात त्यांना सगळे हातोडा म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं.

"दाखवाच," हातोडा म्हणाले. "मी सकाळीच जाऊन आलो तिथे. सगळ्या इमारतीवर चादरी वाळत घातल्यात हो, वरपासून खालपर्यंत. आत काय आहे कळेना. चादरीला नोटीस देता येत नाही. घरात शिरायचं तर आधी पुरावा लागतो. शनिवारचा, समोरून काढलेला एक स्वच्छ फोटो मिळाला की या आठवड्यात सगळ्या गॅलऱ्या खाली आणतो."

आप्पांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे नेमका तसाच फोटो आहे. समोरून काढलेला आणि स्वच्छ. इतका स्वच्छ की पत्र्याचे खिळे मोजता यावेत. तो दाखवला की नोकरी वाचणार होती, अब्रू वाचणार होती, आणि दोन अधिकाऱ्यांना कळणार होतं की आप्पांना फोटो काढता येतो. सही करणाऱ्या मित्राची जिरणार होती ती वेगळीच. आणि आजींचा पलंग पुन्हा चपलांच्या मांडणीशेजारी जाणार होता.

"कॅमेरा माझ्या कपाटात आहे," आप्पा म्हणाले. "आणतो."

रेकॉर्डच्या खोलीत, जन्माची रजिस्टरं डाव्या हाताला आणि मृत्यूची उजव्या हाताला अशी उभी होती, तिथे मधोमध उभं राहून आप्पांनी तो फोटो शेवटचा पाहिला. पुसायचं बटण कुठलं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण आजवर त्यांनी काहीच पुसलं नव्हतं. बाहेर शिपाई दोनदा खाकरला. बटण सापडलं, तर कॅमेऱ्याने विचारलं, नक्की पुसायचा? नगरपालिकेत कुठलंही यंत्र एवढी चौकशी करत नाही. आप्पांनी 'हो' दाबलं. हजारो मृत्यू त्यांनी त्या खोलीत नोंदवले होते, पण डोळे पुसावे लागले ते पहिल्यांदाच.

मग ते साहेबांच्या खोलीत गेले आणि कॅमेरा टेबलावर ठेवला. त्यात आता उरले होते ते कॅमेरा नवा असतानाचे फोटो. काकू कधीच्या म्हणत होत्या, ती घाण काढून टाका. साहेब एकेक बघू लागले. आप्पांचं बोट. छत. आप्पांचे पाय. अर्धा कावळा. काकू, गळ्यापासून खाली. पुन्हा बोट.

"इमारतीचा कुठला?"

आप्पांनी एका राखाडी पट्ट्याकडे बोट दाखवलं. घाईत चाललेल्या काकूंच्या साडीचा तो पदर होता. "हा, साहेब." आप्पा सरकारी टेबलासमोर खोटं बोलत होते. जन्मात पहिल्यांदाच.

"ही इमारत आहे?"

"हलली."

"इमारत?"

"हात, साहेब."

"बाकीचे?"

"सगळे असेच आहेत. मला जमत नाही ते. बरेच दिवस झाले, शिकतोय, पण जमत नाही."

हातोडा आधी खिदळले, मग टेबलावर डोकं ठेवून हसले, मग त्यांनी कॅमेरा घेतला आणि कावळ्यापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून हसले. आप्पा हात बांधून उभे होते. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची, की आपल्या तोंडून निघून जाईल : शनिवारी मी एक काढला होता.

साहेबांनी अर्जावर शेरा मारला. 'सदर कर्मचाऱ्यास फोटो काढता येत नाहीत, याची समक्ष खात्री केली. सबब तक्रारीत तथ्य नाही.' त्याखाली सही, तारीख, शिक्का. एक प्रत अर्जदारांना, एक आप्पांच्या सेवापुस्तकात कायमची. हातोड्यांना चादरी वाळेपर्यंत थांबायला सवड नव्हती, गावात बिनचादरीच्या इमारती पुष्कळ होत्या.

शेरा साहेबांच्या खोलीतून आप्पांच्या आधी बाहेर पडला. दुपारच्या चहाला सगळ्यांना तो पाठ होता. कॅन्टीनवाला म्हणाला, "आप्पा, आमचा एक ग्रूप फोटो काढा की, नंतर कोण कोण आहे ते ओळखायची पैज लावू." आप्पा हसले. घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, त्यांच्या ताटात वाढलं, आणि कॅमेरा पुसून, कपड्यात गुंडाळून, वरच्या फळीवर ठेवला.

अर्जदारांना प्रत पोचली त्या दिवशी खिडकीवर गर्दी असताना फोन वाजला. मास्तर होते.

"पत्र आलं," मास्तर म्हणाले. "सेक्रेटरींनी खाली बोर्डावर लावलंय. जिन्यात उभे राहून वाचतायत सगळे. विमावाले म्हणाले, एवढ्याशा माणसाला आपण घाबरलो."

"बरं."

"मी सही केली होती, आप्पा. सगळ्यांनी केली, म्हणून केली. मला लाज वाटतेय."

"असू दे. पाहिली मी." आप्पांनी समोरचा अर्ज उगाच सरळ केला. "चादरी काढल्या का?"

"काढल्या. आई खिडकीत बसलीय. फोटो कधी येणार विचारतेय. काय सांगू?"

"सांग, नीट आला नाही म्हणून."

जिन्यातलं हसणं फोनमधून ऐकू येत होतं.

"मी बघितला होता तो," मास्तर म्हणाले. "रविवारी. आई त्यात अशी..." पुढचं त्यांना जमलं नाही.

"हो," आप्पा म्हणाले. "तू बघितलास. तेवढं पुरे."

खिडकीबाहेरच्या माणसाने काचेवर टकटक केली. आप्पांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि त्याला हाताने थोडं थांबायला सांगितलं. रांगेला थांबवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती.